वडील हयात आहेत का

विश्रांतवाडी, पुणे
दि. ९ जुलै २०२५

ती. पप्पांना नंदिनीचा सा. न. वि. वि.

मथुराआत्याने शिकवलेला मायना तसाच लिहिला आहे, म्हणजे तुम्ही चुका काढायला मोकळे. परवाच्या येरवड्यातल्या मुलाखतीला एक गोष्ट सांगायचीच असं ठरवून आले होते. पण काचेपलीकडे तुमचा चेहरा दिसला आणि फोन कानाला लावून मी रिक्षावाल्यांच्या मुजोरीवर बोलत बसले. वेळ संपली. बाहेर आल्यावर स्वतःचाच राग आला, म्हणून हे पत्र.

मला आसामातल्या एका विद्यापीठात गणिताला जागा मिळाली आहे. पाच वर्षांचा कोर्स, होस्टेल, शिष्यवृत्ती. पुण्याहून रेल्वेने अडीच दिवस लागतात. यादीत माझं नाव चौथं आहे. क्लासच्या सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी हसून घेतलं, घरी आले आणि उलटी केली.

हसू नका. खरंच खूप भीती वाटतेय. मी आजवर एकटी आळंदीच्या पुढे गेलेली नाही. बॅग भरते आणि परत कपाटात लावून टाकते, आई नुसती बघते. भाषा येत नाही, माणसं माहीत नाहीत, ताप आला तर कुणाला उठवायचं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिथे कुणाला काही माहीत नसेल. इथे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. सहा वर्षांत विचारून विचारून लोक दमले. तिकडे पहिल्याच दिवशी विचारतील की वडील काय करतात. मी आरशासमोर उभं राहून हिंदीत तालीम करते. तुम्ही फिटर होता इथवर नीट येतं, मग परत पहिल्यापासून सुरू करते.

कोथरूडच्या कॉलेजातही नाव लागलंय. दोन बस बदलून सव्वा तास. रोज घरी, आणि महिन्यातून दोनदा येरवड्याला यायला जमेल. आत्या गुडघ्यांपायी बुलढाण्याला गेली तेव्हापासून तुम्हाला भेटायला मीच काय ती येते. आई येणार नाही हे तुम्ही जाणता, मामा तिचा सख्खा भाऊ होता. मी गेले तर तुमच्या मुलाखतीला कोण येणार? मला वाटतं कोथरूडच बरं. ५ ऑगस्टपर्यंत कळवायचं आहे. काय करू ते लिहा.

तब्येतीला जपा. लोभ असावा, रागावू नये.
तुमची
नंदिनी

येरवडा
दि. १६ जुलै २०२५

चि. नंदिनीस मच्छिंद्र इंगळे याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. आमची पत्रं आधी साहेब वाचतात, त्यामुळे चौथा नंबर आल्याची बातमी त्यांना माझ्या आधी कळली. त्यांनीच अभिनंदन केलं. चौथा का, पहिला का नाही असं विचारणारा बाप मी नाही. मी दहावीला दोनदा बसलो होतो.

सुतारकामाच्या शेडमध्ये संभाजी माझ्या शेजारी रंधा मारतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, आसाम कुठे आलं? आम्ही फळीवर खडूने नकाशा काढला. बांगलादेश काढायचा राहिला, म्हणून तुझी गाडी सरळ गेली. तू वळसा घालून जा.

आता भीतीचं. घर सोडून राहायचा अनुभव आपल्या घरात फक्त मला आहे, तेव्हा मुकाट्याने ऐकून घे. मी काही होस्टेलात नाही, पण पहिल्या महिन्यात माणसाचं जे होतं ते सगळीकडे सारखंच असावं. आठ दिवस पोट दुखतं. तो आजार नसतो. पानात पडेल ते खायचं, चव शोधत बसायचं नाही. संध्याकाळी चार ते सहा घराचा विचार करायचा नाही, कारण तेव्हा घरोघरी चहा होतो आणि माणूस तिथेच ढासळतो. त्या वेळेला हाताला काहीतरी काम लाव. मी आलो तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. आणि वडिलांचं कुणी विचारलं तर आपण त्यांना त्यांच्या गावाचं विचारायचं. माणसं गावावर बोलायला लागली की तुझं विचारायचं विसरतात. मी सहा वर्षं यावर काढली आहेत.

राहिली मुलाखत. तू येतेस तेव्हा बरं वाटतं. पुढचे पंधरा दिवस मी त्याच्यावरच काढतो, खोटं कशाला सांगू? पण मला भेटायला सोयीचं म्हणून कोथरूड घेतलंस, तर माझी दहा वर्षांची शिक्षा आपण दोघांनी वाटून घेतल्यासारखं होईल. ती माझी एकट्याची आहे. मी त्या दिवशी प्यायलो होतो. गाडी कुठे लावायची यावरून तुझ्या मामाला जिन्यात ढकललं आणि तो पुन्हा उठला नाही. लिहायला लाज वाटावी एवढं कारण. एका माणसाचं आयुष्य या हातांनी गेलंय, दुसरं जायला नको.

आसामचा फॉर्म भर. जास्त शहाणपणा नको.
तुझ्या आईला काही सांगू नकोस, तिला माझं नाव नको असेल.
आशीर्वाद आहेतच.
पप्पा

विश्रांतवाडी
दि. २२ जुलै २०२५

ती. पप्पांना सा. न. वि. वि.

फॉर्म भरला. पण भरताना मी जे केलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास उतरणार नाही.

चौकातल्या नेट कॅफेत गेले होते. माझ्या मागे क्लासमधली प्रियदर्शनी आणि तिचे वडील उभे होते. ते वाकून माझ्या स्क्रीनकडेच बघत होते, काकांना तेवढाच उद्योग. अर्ध्यावर एक रकाना आला, वडील हयात आहेत का. त्याच्याखाली वडिलांचा व्यवसाय, कामाचा पत्ता, फोन आणि त्यांच्या सहीचं हमीपत्र. मी 'नाही'वर बोट ठेवलं. खालचे सगळे रकाने गेले, पप्पा. एका क्षणात. मला सुटल्यासारखं वाटलं, हे सगळ्यात वाईट. घरापर्यंत चालत आले आणि मग जिन्यात बसून रडले.

आईने छापील कागद बघितला. मला वाटलं ओरडेल. तिने चष्मा काढून ठेवला आणि एवढंच म्हणाली, की या घरातला एक मेला तेवढा पुरे होता. मग पोळ्या लाटायला बसली. लाटता लाटता तुमची पाठ अजून दुखते का म्हणून विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने तुमचं काही विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं.

मी प्रवेश रद्द करते. बापाला मारून शिकायला जायचं मला झेपणार नाही. २६ तारखेला मुलाखतीला येते, तेव्हा काय रागवायचं ते रागवा. तुम्ही काही बोलला नाहीत तर मी वेडी होईन.

माफ करा म्हणायचंही धाडस होत नाही.
तुमचीच
नंदिनी

येरवडा
दि. २८ जुलै २०२५

चि. नंदिनीस अ. उ. आ.

तू २६ तारखेला आलीस आणि नाव पुकारूनही मी बाहेर आलो नाही. मला काही झालेलं नाही. बाहेर आलो असतो तर तू रडली असतीस आणि मी कोथरूडला हो म्हणून बसलो असतो. मी स्वतःला चांगला ओळखतो. किती वेळ थांबलीस ते विचारत नाही.

मी गेल्याची बातमी तुझ्या पत्रातून कळली. संभाजीला म्हटलं, माझ्या वाटणीचं काम आता तू कर. तो हसला नाही. त्यालाही दोन मुली आहेत.

राग आला का? आला. पहिले दोन दिवस फार आला. एक फळी तासत राहिलो, ती इतकी पातळ झाली की वाया गेली. साहेबांनी विचारलं, इंगळे, लक्ष कुठे आहे? मग शांत झाल्यावर तुझ्या बाजूने बघितलं. तू काही खोटं बोलण्याची हौस म्हणून केलं नाहीस. लोक बघत होते आणि सुटायची एक वाट होती. मीही त्या दिवशी जिन्यातून पळत खाली गेलो होतो, मामाला बघायला नाही, लपायला. तू तर फक्त बोट ठेवलंस.

तेव्हा तो रकाना आहे तसा राहू दे. दुरुस्त करू नकोस. हे मी समजूत घालत नाही, बजावून सांगतोय. तिथे पाच वर्षं तुला मान वर करून राहता आलं पाहिजे. एकच गोष्ट ध्यानात ठेव. माझ्या पत्रावर इथला शिक्का असतो. होस्टेलात टपाल दहाजणींच्या हातातून जाणार. म्हणून तिकडे माझं पत्र येणार नाही. मेलेल्या बापाचं पत्र आलं तर तुझी पंचाईत. तू लिही, मी वाचेन. उत्तराची वाट बघू नकोस. तुझा कोर्स संपायच्या आत मी सुटेन, मग काय ते बघू.

निघण्याआधी मुलाखतीला येऊ नकोस. मी येणार नाही.
पाठ दुखते. तुझ्या आईला सांग, आता कमी आहे.
खाली सही करत नाही. सवय झालेली बरी.

मुलींचं वसतिगृह, आसाम
दि. २६ सप्टेंबर २०२५

ती. पप्पांना नंदिनीचा सा. न. वि. वि.

हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींना उत्तर आलं नाही. येणार नाही हे तुम्ही सांगितलं होतं, तरी मी टपालाच्या खणात रोज बघते. तुमची अक्कल आठच्या ऐवजी बारा दिवसांनी कामाला आली, माझं पोट तेवढे दिवस दुखलं. पानात पडेल ते खाते. चार ते सहा लायब्ररीत बसते. वर्गात मला समजतं, ती एक गोष्ट चांगली आहे. बाकी घराची आठवण येते आणि ती चहाच्या वेळेचं वगैरे काही पाळत नाही.

माझी रूममेट अपेक्षा, नाशिककडची. मराठी ऐकून मी तिच्या गळ्यातच पडले होते. तुमच्या युक्तीने तिला गावाचं विचारलं, तिने तीन आठवडे द्राक्षांवर बोलून काढले. मग एकदा तिने विचारलंच. फॉर्मवर होतं तेच मी सांगितलं. त्या दिवसापासून ती माझी फार काळजी घ्यायला लागली. तिच्या आईने माझ्यासाठी वेगळा लाडूंचा डबा पाठवला. बिनबापाची पोर म्हणून सगळ्याजणी ताटात जास्तीचं वाढायच्या आणि मी मान खाली घालून खायचे. ते लाडू गोड लागले हेही लिहिते, नाहीतर अर्धवट कबुली होईल.

गेल्या रविवारी सर्वपित्री होती. अपेक्षाची आजी वारली आहे, तिने मेसच्या काकूंना गळ घालून भात, वरण, खीर असं केलं आणि गच्चीवर पान वाढलं. मला हाक मारली. वर गेले तर शेजारी दुसरं पान. ते तुमचं होतं. तिथी मला आठवत नसेल म्हणून तिनेच सर्वपित्रीला सोय केली होती. तुमचं नाव घेऊन मला नमस्कार करायला सांगितलं. मी काही बोलणार एवढ्यात कावळा आला आणि आधी तुमच्याच पानाला शिवला. अपेक्षाचे डोळे भरून आले. म्हणाली की बघ, त्यांची काही इच्छा मागे राहिलेली नाही.

मला काय झालं कळलं नाही, पप्पा. मी कावळ्याच्या अंगावर धावून गेले. पान पायाने उडालं, खीर भिंतीला लागली. मी ओरडत होते की माझे पप्पा जिवंत आहेत, त्यांच्या पानाला शिवू नकोस. गच्चीवर पाच-सहाजणी होत्या. मग मी सगळं सांगितलं. येरवडा, मामा, जिना, फॉर्म, सगळं.

तुमच्याबद्दल अपेक्षा काहीच बोलली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की तिने आजीच्या शेजारी एका जिवंत माणसाला जेवायला बसवलं आणि मी ते होऊ दिलं. मंगळवारी तिने खोली बदलून घेतली. डबा परत न्यायला आली तेव्हा मी तो घासून ठेवला होता.

बुधवारी मी ऑफिसात जाऊन रकाना दुरुस्त करायचा अर्ज दिला. व्यवसाय सुतारकाम लिहिला. पत्ता येरवड्याचा लिहिला, पूर्ण. कारकुनाने दोनदा वाचला आणि हमीपत्रावर तुमची सही लागेल म्हणून सांगितलं. ते हमीपत्र सोबत जोडलं आहे. तुमचं ऐकलं नाही म्हणून रागवा, पण सही करून ते मला इथे, होस्टेलच्या पत्त्यावर पाठवा. सगळ्याजणींना आता माहीत आहे, लपवायला काही उरलेलं नाही.

खोलीत दुसरा पलंग रिकामा आहे. जेवताना माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. भीती अजून वाटते, घरी पळून यावं असंही रोज एकदा वाटतं. पण परत येणार नाही. आईला फोनवर सगळं सांगितलं, तर तिने तुमचा मुलाखतीचा वार विचारून घेतला. येईल की नाही ते माहीत नाही, तुम्ही आशा धरून बसू नका. आली तर मात्र बाहेर या.

लोभ असू द्या, आणि तो पत्राने कळवत जा. मला इथे दुसऱ्या कुणाचं पत्र येत नाही.

मच्छिंद्र इंगळे यांची मुलगी
नंदिनी