ब्रिनचा पांढरा कोट

लायमा, ओहायो
ऑक्टोबरातला रविवार

प्रिय लोर्नाताईस,

धाकट्या वेंडलचा मनापासून नमस्कार. नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. (डॉक्टरने उलटं सांगितलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठव.) इकडे सगळं ठीक. म्हणजे तुझी भावजय मार्लिस ठीक आहे. पोरगी ब्रिन माझ्याशी बोलत नाही.

तुझ्या कानावर आलं असेलच, पण तपशील चुकीचे आले असणार, म्हणून मीच लिहितो. गेल्या वर्षी ब्रिनला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही. (रसायनशास्त्राने घात केला. मी शिकवतो म्हटलं होतं.) मग तिने त्याच कॉलेजात एका वर्षाचं मास्टर्स धरलं. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसायचं, त्यांचेच पेपर द्यायचे, त्यांच्याहून जास्त मार्क पाडून दाखवायचे. मग पुढच्या वर्षी कॉलेज कदाचित आत घेतं. हे 'कदाचित' तिने पुन्हापुन्हा सांगितलं. मी ते गाळलं. वर्ग तोच, पेपर तेच, मग मुलगी मेडिकलला नाही कशी? चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड वाढून घेताना मी तसंच सांगून टाकलं. तेव्हापासून चर्चमधला म्हातारा ऑर्विल मला डॉक्टरचा बाप म्हणून दर रविवारी जीभ काढून तपासायला दाखवायचा.

आता मुख्य गोष्ट. नव्या मुलांना पांढरा कोट चढवायचा समारंभ असतो, आईबापांसमोर, नाव पुकारून. ब्रिन म्हणाली, "बाबा, मी तिथे फक्त पाहुण्यांना खुर्च्या दाखवायला आहे. येऊ नका." मला वाटलं, लाजतेय. कॉलेजचे कोट खांद्यात ढगळ असतात असं ऐकून होतो, म्हणून स्वतः शिवला. (शिवण पुस्तकावरून शिकलो. बायकांच्या कोटाची बटणं डावीकडे.) खिशावर निळ्या दोऱ्याने तिचं नाव. ऑर्विललाही गाडीत घातलं.

दारात ब्रिनच होती. खुर्च्या दाखवताना दातांतल्या दातांत म्हणाली, "बाबा, प्लीज, नुसते बसा." बसलो. नावं संपली, तिचं आलं नाही. ऑर्विलने कोपर मारलं, "काय रे वेंडल, आपली कुठाय?" आणि ताई, मी उठलो. "एक राहिली!" असं ओरडत दारापर्यंत गेलो आणि तिला कोट चढवला. सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. ती दगडासारखी उभी. (खांदे अचूक बसले होते.) डीन स्वतः हसत खाली आले, "अभिनंदन! तुमचं नाव यादीतून कसं काय सुटलं?"

तिने कोट काढला, घडी केली, माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सुटलं नाही, सर. मी मास्टर्सची आहे. मला अजून घेतलेलं नाही."

टाळ्या एकदम थांबत नाहीत. मागच्या रांगांतल्या लोकांना कळायला वेळ लागतो. जानेवारीत तिची मुलाखत हेच डीन घेणार आहेत.

परतीच्या वाटेवर ऑर्विल फक्त हवापाण्याबद्दल बोलला. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच सांभाळून घेतलं, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून मी चर्चला गेलेलो नाही. मार्लिस तिथे सांगते, त्यांची पाठ धरलीय. (पाठीला काहीही झालेलं नाही.)

गुडघा जपून वापर.

तुझा भाऊ,
वेंडल

ता.क. ब्रिन तुला दर बुधवारी फोन करते असं मार्लिसकडून कळलं. राग नाही. बुधवारी मी तुझ्याकडे आलो तर चालेल? तू फोन स्पीकरवर ठेव. मी कोपऱ्यात बसेन, चकार शब्द काढणार नाही.

ता.क. २. मार्लिसने पत्र वाचलं आणि म्हणाली, "पोरीवर कशाला ढकलताय? खरं काय ते लिहा." तर वरची एक दुरुस्ती. ब्रिन बोलत नाही हे खरं नाही. तिने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मीच उचलला, तिचं "बाबा?" ऐकलं आणि फोन मार्लिसच्या हातात दिला. अशा वेळी बापाने काय म्हणायचं असतं, ते तेवढं लिहून पाठव. थोडक्यात लिही. मी पाठ करतो.