सात नंबरचा पाय

३ जून
सर्जरी वॉर्डात इंटर्नशिप सुरू. युनिटच्या मॅडमनी प्रत्येकाला एक वही दिली. रोज लिहायचं : आज काय चुकलं, का चुकलं. मला लिहिण्यासारखं फारसं सापडेल असं वाटत नाही. तरी रोज दहा मिनिटं द्यायची. ठरलं.

९ जून
वही राहूनच गेली. आठवड्याचं एकदम लिहून टाकलं. चुका : शून्य. सिस्टर दोनदा चिडल्या, पण तो त्यांचा प्रश्न.

११ जून
सात नंबरच्या कॉटवर एक शिंपीकाका आहेत. आतड्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले. डावी पोटरी दुखते म्हणाले. मी म्हटलं, काका, जन्मभर मशीन चालवलंत, आता पाय बसून कंटाळला असेल. खूप हसले. वहीत लिहिलं : रुग्णाशी संवाद उत्तम.

१२ जून
काका पुन्हा म्हणाले, पोटरी जड वाटते, जरा बघता का. राऊंड तोंडावर, फायली लावायच्या होत्या. संध्याकाळी बघतो म्हटलं. संध्याकाळी लेक्चर निघालं. उद्या पहिलं काम तेच.

१३ जून, सकाळी ११
काका गेले. बाथरूमला जायला उठले, दोन पावलं टाकली आणि कोसळले. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली, असं मॅडम म्हणाल्या. पाऊण तास आळीपाळीने छाती दाबली. माझी पाळी संपल्यावर पायाकडे उभा राहिलो. डावी पोटरी उजवीच्या दीडपट होती. लांबूनही दिसत होती.

दुपारी
वही लिहिली. वॉर्डात माणसं कमी. नर्सिंग स्टाफने पाय तपासायला हवे होते. ऑपरेशननंतर काकांना लवकर चालवायला हवं होतं. सगळं खरं आहे. दोन पानं भरली.

१५ जून, सकाळी
मॅडमनी पानं वाचली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नीट लिहिलंयस, पण यात तू कुठे आहेस? दुपारी काकू कागदपत्रं न्यायला येणार आहेत. त्यांना सगळं खरं सांगायचं, मी ठरवलंय. वाक्यं पाठ केली आहेत.

१५ जून, संध्याकाळी
काकू आल्या. म्हणाल्या, तुमच्याबद्दल बोलायचे, मुलगा हसून बोलतो म्हणायचे. मग विचारलं, पाय दुखतो म्हणून मला सांगत होते, तुम्हाला काही बोलले होते का?
मी नाही म्हणालो.
काकू म्हणाल्या, त्यांचा स्वभावच तसा. कोणाला त्रास द्यायचे नाहीत.