पाय काढला की सुटणारी गाडी

अप्पा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला एका गाडीबद्दल लिहितोय. दुसऱ्या कशाबद्दल लिहिलं असतं तर तुम्ही अर्ध्यातच चष्मा काढून ठेवला असता. गाडी ऑटोमॅटिक आहे. म्हणजे तिला क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात, डाव्या पायाला काही कामच नाही. तुम्ही म्हणाला असता, मग डायवर तरी कशाला पायजे. पण चाळीस वर्षं जीपचा क्लच दाबून माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी झिजली, आणि तुमच्या सुनेला दर गुरुवारी लातूरहून नांदेडला दवाखान्यात न्यायचं होतं. बसचे धक्के तिला सोसत नाहीत. म्हणून ही जुनी गाडी घेतली. सुनेला पोटाचा कॅन्सर आहे. हे आधी लिहायला हवं होतं, पण मी नेहमीसारखी गाडीपासूनच सुरुवात केली.

ह्या गाडीला एक खोड आहे. विकणारा म्हणाला, खोड नाही, सोय म्हणा. इको नावाचं बटण दाबलेलं असलं आणि उतारावर रेसवरून पाय काढला, की गाडी स्वतःहून गिअरमधून सुटते. इंजिन नुसतं हळू चालत राहतं आणि गाडी आपल्या वजनानं पुढं जात राहते. ब्रेकला किंवा रेसला पाय लावला की पुन्हा गिअर धरते. "काका, पेट्रोल वाचतंय, तुमाला काईच करायचं न्हाई," तो म्हणाला. पहिल्या गुरुवारी अहमदपूरच्या पुढच्या लांब उतारावर ती अशी सुटली आणि माझा डावा पाय नसलेला क्लच शोधायला लागला. गाडी सरळ चालली होती, आवाजसुद्धा नव्हता, पण ती कुणाच्याच ताब्यात नाही असं वाटत होतं. पुढच्या ढाब्यावर थांबलो आणि ते बटण बंद करून टाकलं.

का ते तुम्हाला ठाऊक आहे. मी एकोणीस वर्षांचा आहे. जीप किल्लारीहून लातूरला निघालीय, आत चौदा माणसं, टपावर पोती, स्टिअरिंग माझ्या हातात आणि तुम्ही शेजारी. औशाच्या अलीकडं उतार लागतो. मी गिअर काढतो आणि जीप न्यूट्रलवर सोडून देतो, कारण अड्ड्यावरचे सगळे डायवर तसंच करतात आणि किती डिझेल वाचवलं ते चहा पिताना सांगतात. उतार संपल्यावर तुम्ही म्हणता, "बाजूला घे." मी घेतो. "उतर खाली. उतारावर गाडी मोकळी सोडली म्हंजे तिला मालक न्हाई. मागं चौदा जीव हायती. तू चालत ये." आणि जीप घेऊन निघून जाता. मागच्या बाकावरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसत असते. मी उन्हातून औशाला पोचतो तर तुम्ही माझ्यासाठी चहा सांगून ठेवलेला असतो, पार थंडगार झालेला, आणि तो माझ्यासमोर सरकवता. त्या दिवसानंतर मी कुठल्याही उतारावर गिअर काढला नाही. पुढच्या दिवाळीला तुम्ही गिअरच्या दांड्याला बसवायची काचेची मूठ आणलीत, आत गुलाबी फूल असलेली, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. तुमची शाबासकी म्हणजे एवढीच असायची.

तर बटण बंद केलं. आता गाडी उतारावर इंजिननं धरून चालायची, तुम्हाला आवडेल तशी. पण ते धरणं जरा ओढून होतं, इंजिन घुरघुरतं, आणि केमो चालू असलेल्या माणसाला तेवढंही सोसत नाही. ती मांडीवर प्लास्टिकचा डबा घेऊनच शेजारी बसायची. चौथ्या की पाचव्या गुरुवारी त्याच उतारावर तिनं डब्यातून तोंड वर काढलं आणि म्हणाली, "आहो, पयल्या दिवशी सोडली होती तशी सोडा की. त्या दिवशी ढवळलं न्हाई मला."

"ते बरं न्हाई," मी म्हणालो. "अप्पांनी त्यापायी मला भर रस्त्यात खाली उतरवलं होतं."

"मामंजी बी सोडायचे."

मला वाटलं, तिला ग्लानी आलीय. तिनं डोळे मिटूनच सांगितलं, "पयल्या खेपेला दिवस ऱ्हायले तवा लई उलट्या व्हायच्या मला. लातूरला दाखवायला न्यायचे तवा औशाच्या उतारावर गिअर काढायचे. म्हणायचे, त्याला सांगू नको."

अप्पा, इतकी वर्षं तुम्ही दोघांनी हे माझ्यापासून लपवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी उन्हातून चालत आलो, थंड चहा गिळला, आयुष्यभर गिअर काढला नाही, आणि तुम्ही सुनेला घेऊन त्याच उतारावरून मोकळे जात होता. खरं सांगतो, मला राग आला. चांगला दोन-तीन किलोमीटर टिकला. तुमच्याशी भांडायला आता कुठं येऊ, हेही त्यात होतंच. मग मी बटण दाबलं आणि पुढच्या उतारावर पाय काढला. थोड्या वेळानं बघितलं तर ती झोपली होती.

तेव्हापासून बटण चालूच असतं. आता मला ह्या गाडीची सवय झालीय. अहमदपूरच्या पुढं चढ संपायच्या जरा आधी पाय काढायचा, म्हणजे झटका न बसता सुटते. ब्रेकला शक्यतो पाय लावायचा नाही. मागून ट्रक आला, हॉर्न मारला, तर डावीकडं घेऊन त्याला जाऊ द्यायचं. घरी रात्रभर ती कण्हत असते, उशा बदलून बघते, पण ह्या उतारावर तिला झोप लागते. खाली पूल येतो. तिथं रेस द्यावीच लागते, गाडी गिअर धरते, आणि ती जागी होऊन विचारते, "आलं का नांदेड?"

दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. औषध लागू पडत नाही म्हणाले. आता सलाईन लावून नुसता त्रास होईल, दुखण्याच्या गोळ्या लातूरला मिळतील, इतक्या लांब आणत जाऊ नका. मी बाहेर आलो. ती बाकावर पिशवी सांभाळत बसली होती. मी म्हणालो, औषध बदललंय, आता गोळ्यांवरच ठेवणार, दर गुरुवारी नुसतं तपासायला यायचं. लेक नांदेडातच दिलीय, तिलाही हेच सांगितलं. म्हणून आम्ही अजून दर गुरुवारी जातो. सिस्टर तिचं वजन करते, बीपी बघते, माझ्याकडं न बघता कागदावर लिहिते. लेकीकडं ती दोन घास वरण-भात खाते आणि आम्ही परत निघतो. अप्पा, तो एक उतार सोडला तर ह्या जाण्याला काही अर्थ नाही. तिला तेवढी झोप मिळते म्हणून मी तीन तास जातो आणि तीन तास येतो.

गेल्या गुरुवारी पाय काढला, इंजिन शांत झालं. तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, लागली झोप. तेवढ्यात ती म्हणाली, "सिस्टरनं सांगितलंय मला. महिना झाला."

मी विचारलं, "मग तू कशापायी येतीस?"

"तुमी आणता म्हणून. न्हाई तर घरी माझ्या तोंडाकडं बघत बसला असता. त्यापरीस गाडी चालवलेली बरी." मग म्हणाली, "पोरीला एवढ्यात सांगू नका."

"झोप लागती ना पण तुला हितं?"

"लागती कधी कधी," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. आता मी ते तिला परत विचारणार नाही.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन. लेकीला ह्यातलं काही सांगता येत नाही, आणि पुढचं तर तुमच्या सुनेलाही सांगता येत नाही. तिनं सांगितलं तेव्हा मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. हायसं वाटलं. आता हिच्याशी खोटं बोलायला नको, एवढंच डोक्यात आलं, आणि बायको मरणार आहे हे पार लोहा गाव मागं पडल्यावर आलं.