गाळलेल्या पाण्यातला उजेड

सातारा, मंगळवार, संध्याकाळ

तो हिरवा उजेड डोळ्यांपुढून जात नाही.

प्रयोगशाळेत नवी चाचणी आलीय. तिच्यातला विषाणू मुद्दाम असा घडवलाय, की तो फक्त घातक जंतूंत शिरतो, आणि शिरला की नळी उजळते. आज ओढ्याच्या पाण्याशेजारी तुलनेला ठेवायला एक स्वच्छ पाणी हवं होतं. मी मोठ्या तोऱ्यात आईच्या माठातलं दिलं, काल तासगावहून आणलेलं. आम्हा जैनांच्या घरातलं, दुपदरी फडक्यातून गाळलेलं. याहून स्वच्छ कुठलं असणार?

ओढ्याची नळी उजळली. मग आमचीही. बाटली खराब होती का? पण ती तर मीच उकळून नेली होती. पुन्हा लावली, पुन्हा तोच हिरवा उजेड.

आईला फोन केला. "अगं, दुपदरी गाळलंय की. त्यात काय ऱ्हातंय?"

फडक्यात अडकलेले जीव ती रोज जपून विहिरीत परत सोडते. जे फडक्यात अडकतच नाहीत, ते तिला कसे दाखवू?

"उकळून प्या," म्हटलं.

"उकळलेलं मुनी महाराजांच्या आहाराला. आमाला गाळलेलं चालतंय."

बाळंतपणाला आलेली सुजाता तिथंच आहे. माझी धाकटी बहीण, दिवस भरलेत तिचे. तिचं नाव घेतलं तेव्हा कुठं आई नरमली.

"बरं, उद्यापास्नं उकळते. आज माठ भरलाय. आन् सुजीला थंडच लागतंय, आत्ताच तांब्याभर प्याली."