बुरुजासाठीचं पहिलं गाणं

धाकटे,

मी हॉलवर खुर्च्या मांडायला पुढे गेलेय. तुझे कपडे इस्त्री करून दारामागे टांगलेत, थर्मासमध्ये कोमट पाणी आहे.

घड्याळाच्या जुन्या बुरुजाच्या दुरुस्तीला मदत म्हणून आज अख्खं घर गाणार, आणि पहिलं लोकगीत बाबांनी तुला दिलं. बारा वर्षं आपल्या कार्यक्रमांत ते मीच गात आले, पण असो. आई म्हणते, माझा जळफळाट होतोय. म्हणू दे.

एकतारी काल मीच लावली, पण हाताच्या सवयीने माझ्या पट्टीत. तुझा आवाज त्यात दबेल. निघण्याआधी बाबांकडून तुझ्या पट्टीत लावून घे.

चूक मला तेव्हाच कळली होती. तरी एकतारी तशीच पिशवीत घातली.

ताई