कोमट म्हणजे किती

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. रोज फोनवर तुझं डोकं खाणारी आई पत्र का लिहायला बसली, म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. घाबरू नकोस. तुझे बाबा ठणठणीत आहेत, आत्ताच माझ्याशी भांडून फिरायला गेलेत. तू दर फोनला विचारतेस की तिकीट काढलंस का, आणि दर वेळी मी विषय बदलते, हे तुझ्या लक्षात आलंय हे मला कळतं. तुझी रजा संपत आली. पिल्लाला माझ्या ओटीत टाकून तू कामावर जायचं हे ठरलेलं, आणि आई मात्र रोलचं पुराण लावून बसते! मला यायचं नाही असं तुला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढ. त्या पोरीला मांडीवर घ्यायला माझा जीव नुसता कासावीस झालाय. पण मला भीती वाटते गं, आणि ती कसली हे सांगायला रोलपासूनच सुरुवात करावी लागेल.

तुला दिवस होते तेव्हा तुझ्या पोटात काही ठरत नव्हतं. ऑफिसखालच्या बेकरीतले दालचिनीचे गोड रोल तेवढे चालायचे, ते मऊ, गुंडाळी केलेले, वरून पांढरं आयसिंग ओघळणारे. म्हटलं, पोरीला बाहेरचं कशाला, आपण शिकू. माझा सगळा जन्म शाळेत शिवण शिकवण्यात गेला, ओव्हनशी कधी गाठ पडली नव्हती. पण जमलं की! कोमट दुधात यीस्ट टाकलं, त्याला फेस आला, मैदा मळून झाकून ठेवला तर थोड्या वेळानं गोळा पातेल्याच्या काठावरून डोकावत होता. सुरीनं गुंडाळी दबते म्हणून मी तिच्याखालून शिवणाचा दोरा सरकवून, वर आणून गाठ मारल्यासारखा ओढला. कसे गोल, सुबक काप पडले! ही युक्ती माझी स्वतःची म्हणून मी बिल्डिंगभर मिरवले. सगळ्या जगात असेच कापतात हे नंतर कळलं, तोवर मिरवून झालं होतं. तू माहेरपणाला आलीस तेव्हा ट्रेला चिकटलेलं आयसिंगसुद्धा बोटानं निपटून खाल्लंस.

तुझ्या बाळंतपणानंतर मी घरी परतले आणि म्हटलं, आता तुझ्याकडे राहायला जायचं तर हात साफ ठेवूया. तेव्हापासून रोल फुगेचनात. दुधाला फेस नाही, पिठाला जीव नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं मी सगळ्यांना दोष दिला. यीस्ट जुनं, मैदा जाडा, हवा गार, बाबा खिडक्या उघड्या टाकतात. दुकानदाराला शिळं यीस्ट विकतोस म्हणून इतकं ऐकवलं की आता मी दिसले की तो मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जातो. आयसिंगचंही तेच. रोल कोमट झाले की वर ओतायचं, मी हात लावून बघून ओतायची, आणि ते पाण्यासारखं वितळून ट्रेत जायचं. बाबांनी त्यातला एक रोल दाराला अडसर म्हणून लावून ठेवला, आणि आलागेला विचारेल त्याला माझं नाव सांगत होते. तुला फोनवर हे सगळं मी हसत हसत सांगितलं, तूही हसलीस. पण मला आतून बरं वाटत नव्हतं.

त्याच सुमारास आणखी एकदोन गोष्टी झाल्या, त्या तुला सांगितल्या नाहीत. पिल्लाची झबली शिवायला घेतली तर सुई चिमटीतून निसटायची. डोळ्यांवर खापर फोडलं, चष्म्याचा नंबर बदलून आले, तरी निसटायचीच. एकदा दुकानातून परतताना एका पायातली चप्पल वाटेतच राहिली आणि मी तशीच जिना चढून घरात आले. बाबा पोट धरून हसले. मीही हसले. वय झालं की माणूस वेंधळं होतं, अशी मी माझीच समजूत घातली. अगं, कापडाचा पोत डोळे मिटून ओळखणारी मी. मुली पैज लावायच्या माझ्याशी, आणि मी एकदाही हरले नाही.

मग गेल्या आठवड्यात एकदा बाबा स्वयंपाकघरात आले. यीस्टसाठी दूध काढून ठेवलं होतं. मी बोट बुडवून बघितलं होतं, छान कोमट होतं. त्यांनी साय खायला म्हणून त्यात बोट घातलं आणि असे किंचाळले की मी पिठीसाखरेचा डबा पाडला. याला कोमट म्हणतेस का, म्हणाले. मी म्हटलं, नाटकं पुरे. चहा बशीत ओतून फुंकर मारणारा माणूस तो, त्याचं काय मनावर घ्यायचं! आणि मी आयसिंगसाठी लिंबू पिळायला लागले. तर त्यांनी माझा हात धरला. अंगठ्यावर टपोरा फोड येऊन फुटलेला होता, ट्रेचाच असणार, आणि त्याच्यावरून लिंबाचा रस चालला होता. मला काही म्हणता काही झोंबत नव्हतं. बाबांनी माझा हात नळाखाली धरला आणि मला तशीच वरच्या मजल्यावर नेलं.

तिथल्या नर्सबाईंनी मला डोळे मिटायला लावले आणि कापूस कुठे लागतोय ते सांगा म्हणाल्या. मी पटापट उत्तरं दिली. डोळे उघडले तर त्यांचा चेहराच सांगत होता की निम्मी चुकलीत. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. रक्तातली साखर कधीची वाढलेली आणि मला पत्ताच नाही. तिनं नसा बधिर केल्यात, आधी पायांच्या, मग बोटांच्या. गोळ्या सुरू झाल्या आहेत, पथ्य आहे, आता मी रोल फक्त करायचे, खायचे बाबांनी. आणखी वाढू नये एवढं बघता येईल, गेलेलं परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. चांगला माणूस आहे, गोड बोलून फसवलं नाही.

काल स्वयंपाकाचा तापमापक आणला आणि दुधात बुडवून बघितला. माझं कोमट म्हणजे यीस्टचं मरणच होतं बघ. दूध निवू दिलं, काटा खाली येईपर्यंत हात पाठीमागे बांधून उभी राहिले, आणि पीठ टम्म फुगलं. फोटो पाठवला तो त्याच रोलांचा. तू किती खूश झालीस, आई आता इकडे ये आणि इकडेच कर, म्हणालीस. फोन ठेवल्यावर मी पदर तोंडाला लावून रडले. दुकानदार बिचारा खरा होता, यीस्ट खरं होतं, खोटी होती ती माझी बोटं.

हे पत्र लिहायचं कारण आता सांगते. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच म्हणाली असतीस, आई, काही होत नाही गं, आणि मी ते लगेच मानलं असतं, कारण मला तेच ऐकायचं आहे. तू मला मागे म्हणाली होतीस की पिल्लाला अंघोळ घालायचा धीर तुला होत नाही, जावईबापूंना तर त्याहून होत नाही, ते खातं आईचं. बाळा, ते खातं मला देऊ नकोस. मी येईन, या आठवड्यातच येईन. तिला जोजवीन, भरवीन, रडली तर खांद्यावर घेऊन घरभर हिंडेन. पण पाण्यात हात घालून बरोबर आहे असं मी म्हटलं, तर माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. तापमापक लाव म्हणशील, तर तो मी दुधाला लावीन. पण पोर रडत असेल, दारावर कुणी आलं असेल, तर माझा हातच आधी पुढे जाईल. तुला याच हातानं वाढवलंय, त्याला अजून खरंच वाटत नाही की तो चुकतोय. तेव्हा माझं ऐक. रोज कामावर निघायच्या आधी पाणी तू काढ, तू बघ, अंघोळही तूच घाल, धीर आपोआप येतो. मी शेजारी टॉवेल पसरून उभी राहीन.

तुझीच,
आई