जिन्यावरून पडलीस म्हणे

ताई,

माझ्या फौजदारकीचा पहिलाच आठवडा, आणि शेजारीण तुला हाताला धरून ठाण्यात घेऊन आली. ओठ फुटलेला, मनगट सुजलेलं. मागोमाग दाजी आलेच. आमच्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि मला म्हणाले, "घरचं भांडण आहे, मिटवून टाका."

मी तुला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. "आता बोल."

"मॅडम, मी जिन्यावरून पडले."

मला, मॅडम! मग हळूच म्हणालीस, "यांची तुझ्या साहेबांशी ऊठबस आहे. तुझी नोकरी नवी आहे गं."

वर्दी चढवली मी, तोंड शिवलं गेलं तुझं.

जाताना दाजी हसून म्हणाले, "मेव्हणीबाई, चहासुद्धा नाही?"

हे पत्र टाकणार नाही. तुझी पत्रं आधी तेच फोडतात.

तुझी,
धाकटी